हवेचा टेकू



गेल्या महिन्यात जबलपूरच्या एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. पत्र चार पानांचे आहे. प्रश्न मात्र एका ओळीचा. त्यांचे यजमान रेल्वेच्या कार्यशाळेत नोकरीस आहेत, वय पंचेचाळीस. लग्न झाल्यापासून ते घोरतात आणि घरच्या माणसांना त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की, एखादा पाहुणा सकाळी चहा पिताना थट्टा करील तेव्हाच काय ती त्याची आठवण व्हावी. परंतु गेली दोनतीन वर्षे निराळेच घडू लागले आहे. घोरता घोरता आवाज एकाएकी बंद पडतो. छाती वरखाली होताना दिसते. श्वास मात्र येत नाही. ह्या भगिनी अंथरुणावर उठून बसतात आणि मनातल्या मनात अंक मोजतात. कधी वीस होतात, कधी तीस. मग गळा मोकळा झाल्यासारखा मोठा आवाज होतो, श्वास परत सुरू होतो आणि यजमान काहीच न घडल्याप्रमाणे कूस बदलून झोपी जातात.

दिवसा ह्याच गृहस्थांचा डोळा जेवताना ताटावर लागतो. एकदा रेल्वेच्या फाटकापाशी स्कूटरवर बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. फाटक उघडल्याचे मागच्या वाहनांचे भोंगे वाजू लागले तेव्हा कळले. त्यानंतर रुग्णालयात एक रात्र झोपवून तपासणी झाली, डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवा देणारे यंत्र घेण्यास सांगितले आणि भिशीचे पैसे मोडून ते घरी आणले गेले. पंधरा दिवस ते चालले. आता ते कपाटावर, हिवाळ्याच्या रजयांशेजारी पडून आहे. थोरले दीर सुशिक्षित आहेत. त्यांनी कोठेसे वाचले की, ह्या यंत्राने हृदयविकाराचा झटका टळत नाही, असे संशोधनानेच दाखविले आहे. तेव्हा इतका खर्च नि इतका जाच कशासाठी? भगिनी विचारतात, “मी आग्रह धरावा की विषय सोडून द्यावा?”

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. परभाषेतील मजकूर मराठीत आणणे हा त्याचा रोजचा व्यवसाय. औषध सुचविण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु संशोधकांनी काय केले, कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधले आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रयोगातून मिळूच शकत नव्हते, हे नीट मांडणे त्याच्या आवाक्यात आहे. दिरांनी वाचलेली गोष्ट खोटी नाही. ती अपुरी आहे आणि ती कोठे अपुरी आहे हे समजण्यासाठी थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

प्रथम गळ्यात काय घडते ते पाहू. नाकाच्या पोकळीला हाडांचा आधार असतो. खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, त्यामुळे ती मिटत नाही. ह्या दोहोंमधला घशाचा भाग मात्र मऊ मांसाचा आहे, कारण त्याला गिळणे आणि बोलणे हीही कामे करावयाची असतात. जागेपणी स्नायू तो ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की स्नायू सैल पडतात. ज्याचा गळा जात्याच अरुंद आहे, मानेत मेद साठला आहे, हनुवटी मागे आहे किंवा टॉन्सिल वाढलेले आहेत, त्याचा घसा श्वास आत ओढताना मिटतो. रसवंतीत कागदी नळीने उसाचा रस जोराने ओढला म्हणजे भिजलेली नळी चपटी होते आणि जितके ओढावे तितकी अधिक मिटते, तसाच हा प्रकार. अर्धवट मिटलेल्या घशाच्या भिंती थरथरतात, ते घोरणे. पूर्ण मिटल्या की शांतता. त्या शांततेत रक्तातील प्राणवायू घटत जातो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू आखडतात आणि वाट उघडते. झोपणाऱ्याला ह्या जागृतीची आठवणसुद्धा राहत नाही.

डॉक्टर ह्या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. ‘ॲप्निया’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘श्वासाचा अभाव’ असा आहे. आपण येथे ‘श्वासरोध’ म्हणू. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबला की एक श्वासरोध मोजतात. श्वास बराच उथळ झाल्याचे प्रसंगही धरतात. तासाला असे पाच ते पंधरा प्रसंग घडल्यास विकार सौम्य, पंधरा ते तीस असल्यास मध्यम आणि तीस व त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. दर दोन मिनिटांनी कोणी खांदा हलवून जागे केले, तर आठ तास अंथरुणावर पडूनही विश्रांती कशी मिळावी?

हा विकार नवा नाही, पण तो ओळखण्यास वैद्यकाला फार वेळ लागला. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ ह्या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. १९५६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठ व सदैव पेंगणाऱ्या रुग्णांच्या व्याधीला ह्या कादंबरीवरूनच नाव दिले. परंतु दिवसाच्या झोपेचे कारण रात्रीच्या श्वासात आहे, हे तेव्हा उमगले नव्हते. १९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो व त्यांचे सहकारी, आणि जर्मनीत फ्रायबुर्ग येथे युंग व कूलो, ह्यांनी झोप आणि श्वास ह्यांची नोंद एकत्र घेतली. तेव्हा श्वास पुन्हा पुन्हा थांबत असल्याचे कागदावर उमटले. १९६९ मध्ये त्यावर उपायही निघाला. पण तो गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविण्याचा. बंद होणारा भाग टाळून हवा खालून थेट आत. उपाय गुणकारी होता, ह्यात शंका नाही. परंतु गळ्यात भोक घेऊन जन्म काढण्यास कोण सहज तयार होईल?

१९८० च्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन ह्या डॉक्टरांसमोर असाच एक रुग्ण होता. विकार तीव्र, सुचविलेला उपाय गळ्याच्या छेदाचा आणि रुग्णाची त्यास तयारी नाही. सलिव्हन ह्यांनी पूर्वी कॅनडातील टोरांटो येथे निद्रिस्त कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास केला होता. कुत्र्याच्या तोंडावर नीट बसणारा मास्क कसा करावा, ही विद्या तेथलीच. त्यांनी रुग्णाच्या नाकावर मास्क बसविला आणि एका पंख्याने त्यातून हवेचा अखंड प्रवाह सोडला. दाब थोडाथोडा वाढविताच श्वासरोध थांबले आणि तो मनुष्य गाढ झोपी गेला. दाब कमी केला की श्वासरोध परत. वाढविला की नाहीसे. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. डॉक्टर ज्याला सीपॅप म्हणतात तो उपचार तो हाच. श्वासमार्गात अखंड राखलेला वाढीव दाब, एवढाच त्या आद्याक्षरांचा अर्थ.

हा दाब किती, हे ऐकून आश्चर्य वाटेल. त्या पाच रुग्णांना साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब पुरला. आपल्या डोक्यावरील वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याइतका असतो. म्हणजे ही वाढ त्याच्या शंभराव्या हिश्श्याची. यंत्र छातीत हवा कोंबते, ही समजूत चुकीची आहे. श्वास रुग्णाचा तोच घेतो. सायकलच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरली की तिच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. तसाच घशाला आतून हवेचा टेकू मिळतो. टेकू आहे तोवर वाट उघडी, काढला की मिटली. ह्यावरून दुसरीही एक गोष्ट निघते. यंत्र विकार बरा करीत नाही; चष्म्याप्रमाणे, लावलेला असताना उपयोगी पडते.

येथवरचा इतिहास सरळ आहे. पुढचा भाग जबलपूरच्या पत्राशी अधिक निगडित आहे.

विकार किती लोकांना असतो, ह्याची मोजणी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तीस ते साठ वयाच्या ६०२ नोकरदार स्त्रीपुरुषांची झोप तपासली होती. पुरुषांत शेकडा २४ आणि स्त्रियांत शेकडा ९ जणांना तासाला पाच किंवा अधिक प्रसंग आढळले. त्यासह दिवसा झोप येणारे पुरुष शेकडा ४, स्त्रिया शेकडा २. आपल्याकडे मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्न विचारून, त्यांपैकी २५० जणांची घरी निद्रातपासणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात श्वासरोधाचे प्रमाण शेकडा साडेएकोणीस आणि दिवसाच्या झोपेसह विकाराचे प्रमाण शेकडा साडेसात असे आहे. लठ्ठ अमेरिकनांचा रोग म्हणून ह्याकडे पाहण्याचे दिवस तेथे संपले.

विकार इतका सर्वत्र असेल, तर उपचारही कसोटीस उतरला पाहिजे. १९९७ मध्ये ब्रिटनमधील एका संशोधकगटाने तोवरचे सर्व पुरावे चाळून असा अभिप्राय दिला की, यंत्राच्या उपयोगाबद्दल भरवशाचे प्रयोग फार थोडे आहेत. अभिप्राय बोचरा होता, पण त्याने काम पुढे ढकलले. औषधाची परीक्षा घेताना निम्म्या रुग्णांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी देतात. म्हणजे नुसत्या विश्वासाचा गुण किती आणि औषधाचा किती, हे वेगळे काढता येते. परंतु नाकावर लावून रात्रभर घोंघावणाऱ्या यंत्राची पोकळ गोळी कशी करावी? एडिंबरा येथील डॉक्टरांनी १९९४ मध्ये ३२ रुग्णांना चार आठवडे यंत्र आणि चार आठवडे निरुपद्रवी गोळी देऊन तुलना केली होती. पण गोळी आणि यंत्र ह्यांतील भेद आंधळ्यालाही कळावा!

तोड काढली ती ऑक्सफर्डच्या संशोधकांनी. तेच यंत्र, तोच मास्क, तोच आवाज. मात्र निम्म्या रुग्णांच्या यंत्रात दाब इतका कमी, सुमारे एक सेंटिमीटर, की घसा उघडू नये. १०७ पुरुषांवर महिनाभर हा प्रयोग झाला आणि १९९९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झोपाळूपणा मोजण्यासाठी एक प्रश्नावली वापरतात. मेलबर्नच्या डॉ. मरी जॉन्स ह्यांनी १९९१ मध्ये ती तयार केली. नाव एपवर्थ मापन. वाचत असताना, दूरदर्शन पाहताना, दुपारी जेवणानंतर निवांत बसल्यावर, रहदारीत वाहन थांबले असता, अशा आठ प्रसंगी डोळा लागण्याचा संभव किती, ह्यास शून्य ते तीन गुण द्यावयाचे. एकूण चोवीस. दहाहून अधिक म्हणजे झोप प्रमाणाबाहेर. ऑक्सफर्डला खरा दाब मिळालेल्या गटाचा मध्यम गुण साडेपंधरावरून सातवर आला. लटका दाब मिळालेल्यांचा पंधरावरून तेरावर. नुसत्या यंत्राने दिलेला दिलासा दोन गुणांचा. बाकीचे काम हवेच्या टेकूचे. त्याच संस्थेतील डॉक्टरांनी २००२ मध्ये ११८ पुरुषांचा चोवीस तासांचा रक्तदाब मोजला, तेव्हा दोन गटांत सरासरी ३.३ मिलिमीटरचा फरक पडला. फरक लहान, पण खरा.

आता हृदयविकार. २००५ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर लिहिले की, तीव्र विकार असूनही उपचार न घेणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराचे झटके व मृत्यू अधिक झाले. यंत्र वापरणाऱ्यांत तसे दिसले नाही. ऐकण्यास हे समाधानकारक वाटते. परंतु जो मनुष्य रोज रात्री नेमाने मास्क लावतो, तो रक्तदाबाची गोळीही नेमाने घेत असतो आणि सकाळी फिरायलाही जात असतो. श्रेय यंत्राचे की नेमस्तपणाचे? ह्याचा निवाडा चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यावाचून होत नाही.

तसा मोठा प्रयोग सात देशांत झाला. भारत त्यांपैकी एक होता. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आधीच हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार किंवा पक्षाघात होऊन गेला होता, अशा ४५ ते ७५ वयाच्या २,७१७ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसह यंत्र आणि निम्म्यांना केवळ नेहमीचे उपचार देण्यात आले. सरासरी ३.७ वर्षांनी पाहता यंत्राच्या गटात शेकडा १७ आणि दुसऱ्या गटात शेकडा १५.४ जणांना हृदयाचे वा मेंदूचे गंभीर आघात झाले. हा फरक योगायोगाने पडू शकेल एवढाच आहे. म्हणजे यंत्राने संरक्षण दिल्याचे दिसले नाही. थोरल्या दिरांनी वाचले ते हेच असावे.

पण त्याच अहवालात आणखी तीन गोष्टी आहेत आणि त्या वाचल्यावाचून उठता कामा नये. पहिली, यंत्र रात्री सरासरी केवळ ३.३ तास वापरले गेले. उरलेली रात्र टेकूवाचून गेली. दुसरी, यंत्र वापरणाऱ्यांचा दिवसाचा झोपाळूपणा आणि घोरणे कमी झाले, मन:स्थिती सुधारली, आजारपणामुळे कामावर न जाण्याचे दिवस घटले. आणि तिसरी गोष्ट आमच्या भगिनींसाठी सर्वांत महत्त्वाची. एपवर्थ मापनात पंधराहून अधिक गुण असणाऱ्या, म्हणजे फार पेंगणाऱ्या रुग्णांना ह्या प्रयोगात घेतलेच नव्हते. अशांना काही वर्षे मुद्दाम यंत्राशिवाय ठेवणे धोक्याचे ठरले असते. पत्रासोबत यजमानांच्या तपासणीच्या कागदाची नक्कल आहे. त्यावर गुण लिहिले आहेत सतरा.

ताई, ह्याचा अर्थ उघड आहे. तुमच्या दिरांनी वाचलेला प्रयोग तुमच्या यजमानांसारख्या माणसांवर झालेला नाही. त्याने विचारलेला प्रश्नही निराळा होता. तुमच्या घरचा आजचा प्रश्न फाटकापाशी लागलेल्या झोपेचा आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात २१० रुग्णांचे मोटार-अपघात उपचारापूर्वी तीन वर्षे व उपचारानंतर तीन वर्षे मोजले, तेव्हा उपचार घेणाऱ्यांचे अपघात सर्वसामान्य चालकांइतके खाली आल्याचे २००१ मध्ये दिसून आले. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे खरे. तथापि दिवसाची झोप कमी होते ह्याचा पुरावा भक्कम आहे आणि झोप न लागलेला चालक सुरक्षित, हे सांगण्यास संशोधक कशाला हवा?

मग इतके गुणकारी यंत्र कपाटावर का जाते? ह्यात तुमचे यजमान एकटे नाहीत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९९३ मध्ये ३५ रुग्णांच्या यंत्रांत त्यांच्या नकळत वेळ मोजण्याची सोय ठेवली होती. रुग्ण सांगत त्यापेक्षा वापर कमी निघाला. निदान शेकडा सत्तर दिवस, दिवशी किमान चार तास, ही माफक कसोटी निम्म्यांहूनही कमी रुग्णांनी, शेकडा ४६ जणांनी, पूर्ण केली. यास्तव दोष कोणा एकाच्या आळसाला देता येत नाही. मास्क नाकावर करकचतो, हवा डोळ्यांकडे गळते, घसा कोरडा पडतो, बायकामुलांसमोर सोंडेसारखी नळी लावून निजण्याची लाज वाटते. ह्यांतील बहुतेक अडचणींना उत्तर आहे. मास्क अनेक घाटांचे व मापांचे मिळतात. पहिला बसला नाही म्हणून यंत्र टाकून देऊ नये, विक्रेत्याकडून दुसरा बसवून पाहावा. कोरडेपणास हवा ओलसर करणारे पाण्याचे भांडे यंत्राला जोडता येते. दाब एकदम न येता हळूहळू वाढेल अशी योजना असते. श्वासाप्रमाणे दाब आपोआप कमीजास्त करणारी यंत्रेही आहेत. दिवसा वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसावे, म्हणजे रात्री तो परका वाटत नाही. तो रोज साध्या साबणाने धुवावा. वीज गेल्यास काढून ठेवावा. आणि स्वस्त म्हणून वापरलेले यंत्र घेणाऱ्यांनी सावध असावे. आवाज शोषणारा फोम झिजण्याच्या धोक्यामुळे एका मोठ्या उत्पादकाने जून २०२१ पासून लक्षावधी यंत्रे परत मागविली होती. तेव्हा यंत्राचा क्रमांक तपासल्यावाचून ते घेऊ नये.

यंत्र हाच एक मार्ग आहे, असेही नाही. वजन उतरविल्याने विकार सौम्य होतो. काहींना पाठीवर निजण्याऐवजी कुशीवर निजल्याने गुण येतो. रात्रीचे मद्य घसा अधिकच सैल पाडते. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत. सौम्य वा मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरचे साधन उपयोगी पडते. लठ्ठपणासह मध्यम वा तीव्र विकार असणाऱ्यांसाठी टिर्झेपॅटाइड ह्या टोचून घ्यावयाच्या औषधास अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. परंतु वजन उतरण्यास महिने लागतात आणि स्कूटर उद्या सकाळी काढावयाची आहे.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. आग्रह धरा, पण “हृदयविकार होईल” असा धाक घालून धरू नका, कारण यंत्राने तो टळतो असे आज कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आपल्या माणसाला भीती दाखवून मिळविलेला होकार पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे. त्यांना ह्या महिन्यात एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा आणि मास्क बदलून घ्या. तोवर कामावर ते बसने किंवा शेजाऱ्यांच्या मागे बसून जावोत. ही गोष्ट मात्र वादाची करू नका. मग तीस दिवस नेमाने प्रयोग करा. किती तास वापर झाला, ते यंत्र स्वतःच नोंदविते. तिसाव्या दिवशी ते आठ प्रश्न पुन्हा विचारा आणि गुण देताना यजमानांच्या उत्तराशेजारी तुमचेही उत्तर लिहा, कारण पेंगणाऱ्याला आपण किती पेंगतो हे नेहमीच कळत नाही. हे पत्र थोरल्या दिरांनाही वाचावयास द्या. संशोधन वाचणारा मनुष्य घरात असणे हे भाग्यच. आकडे लिहून घेण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.

इतर वाचकांना विनंती एवढीच की, आपल्या घरी कोणी मोठ्याने घोरत असेल आणि मध्येच शांत होत असेल, तर ती शांतता गाढ झोपेची म्हणून सोडून देऊ नये. निजलेल्याला ती ऐकू येत नाही. शेजारी जागे असलेल्यालाच डॉक्टरांना सांगावी लागते.

आणि ताई, महिन्याने पुन्हा पत्र लिहा. चार पाने नकोत. सतराचे किती झाले, तेवढे कळवा.